मागच्या भिंतीवरचं घड्याळ

जिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत येईल त्याला ‘तोंड उघडा’ म्हणतात, त्या कॉलेजात एकट्या सिंधूताईंना तोंड बंद ठेवायची ताकीद होती. कारणही तसंच घडलं होतं. दोन वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याचे एक गृहस्थ खुर्चीत बसले होते, एक शिकाऊ डॉक्टर हातात इंजेक्शन घेऊन उभी होती, आणि गृहस्थांचे पाय लटपटताना पाहून सिंधूताईंना राहवलं नाही. “भेऊ नका भाऊ,” त्या म्हणाल्या, “कालच्या मॅडमपेक्षा आजच्या मॅडमचा हात लय हलका हाये.” भाऊ खुर्चीतून उठले ते थेट एसटी स्टँडवर गेले. विभागप्रमुख समता मॅडमनी त्याच दुपारी सिंधूताईंना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की पेशंट खुर्चीत असताना यापुढं तुमचा आवाज मला ऐकू येता कामा नये.

सिंधूताईंनी ते पाळलं. पण बोलणं बंद केल्यानं विचार करणं थोडंच बंद होतं? उलट जे प्रश्न पूर्वी तोंडावाटे निघून जायचे, ते आता आतच फिरत राहायचे. बावन्न वर्षांची ही बाई, सातवीपर्यंत शिकलेली, माहेर बीबीचं, सासर उंद्रीचं. नवरा कचरू दीड एकरात वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचा आणि ही रोज सकाळी डबा घेऊन डेंटल कॉलेजात जायची. कॉलेजचं नाव सांगण्यात काही हशील नाही. अशी कॉलेजं एका साच्यातून काढल्यासारखी असतात. दात भरायच्या आणि दाताच्या नसांवर उपचार करायच्या विभागात ती एकोणीस वर्षं मावशी होती. अवजारं धुवायची, पाकिटात घालून वाफेच्या मशीनमध्ये लावायची, कापसाचे बोळे वळायचे आणि बर्फाच्या कांड्या करायच्या.

या कांड्या म्हणजे सिंधूताईंची खास जबाबदारी. इंजेक्शनच्या सुईचं प्लास्टिकचं टोपण असतं ना, त्यात पाणी भरून फ्रीजमध्ये उभं ठेवायचं. बोटाच्या पेराएवढी बारीक कांडी तयार होते. ती दातावर टेकवायची आणि विचारायचं, लागलं का? लागलं, तर दात आतून जिवंत. काहीच लागलं नाही, तर आतला जीव गेलेला. महागडे फवारे बाजारात मिळतात म्हणे, पण या विभागाचं काम टोपणांवर भागायचं. एकोणीस वर्षांत सिंधूताईंनी किती कांड्या केल्या असतील त्याची गणती नाही.

त्यांच्या स्वतःच्या तोंडात खालच्या डाव्या बाजूला मात्र एक खिंडार होतं. पंधराव्या वर्षी बाजारात बसणाऱ्या एका दातवाल्यानं ती दाढ चिमट्यानं उपटली होती. दुखतेय म्हणून नेली, काढून आणली, एवढाच तो इलाज. तेव्हापासून त्या उजव्या बाजूनं जेवायच्या. भाकरीचा कडक पापुद्रा आला की अजूनही जीभ त्या खिंडारात जाऊन यायची.

दिवाळीनंतर विभागात एक नवीनच गडबड सुरू झाली. प्रेरणा नावाची मोठ्या डिग्रीचं शिक्षण घेणारी डॉक्टर होती. तिला प्रबंधासाठी विद्यार्थ्यांची चाचणी घ्यायची होती. चोवीस प्रश्नांचा कागद. तिसऱ्या वर्षापासून इंटर्नपर्यंत शंभर मुलामुलींनी तो भरायचा. कागद वाटायचे आणि गोळा करून आणायचे, हे काम अर्थात मावशीकडे आलं. कागद इंग्रजीत होता. शंभर जणांना एवढं काय विचारलंय, या विचारानं सिंधूताईंना दोन दिवस चैन पडली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना अनुपमा सापडली. अनुपमा इंटर्न होती, म्हणजे परीक्षा झालेली आणि वर्षभराची उमेदवारी चाललेली. ती उंद्रीचीच, महादेवराव भाजीवाल्यांची मुलगी. पेशंटशी ती पुस्तकी मराठी बोलायची, सरांशी इंग्रजी, आणि सिंधूताई दिसल्या की घरची बोली आपोआप तोंडात यायची. अवजारं धुवायच्या खोलीत स्टुलावर बसून ती भराभरा खुणा करत होती.

“काय इचारून राह्यले वो मॅडम एवढं?” सिंधूताईंनी हात पुसत विचारलं.

“दाताच्या पोटात मऊ गर असते ना मावशी, पल्प म्हणतात त्याले. त्याच्यात रक्त असते, नस असते. कीड खोल गेली, गर उघडा पडला, तरी त्याले जिवंत ठेवता येते. आमाले ते किती माहीत हाये, ते पाहून राह्यल्या प्रेरणा मॅडम.”

“मंग, माहीत हाये?”

“सगळं माहीत हाये,” अनुपमा हसली.

“मंग करत काऊन नाई? मी तं इथं रोज नसा काढतानाच पाह्यतो तुमाले.”

अनुपमाची खूण करणारी पेन्सिल थांबली. हा प्रश्न काही चोवीसात नव्हता. मग तिनं समजावून सांगितलं. इंटर्नच्या वहीत रकाने असतात. एवढी रूट कॅनॉल, एवढी फिलिंग, एवढ्या दाढा काढल्या. रकाना भरला की सही. गर वाचवला, याचा रकानाच नाही. आणि तो वाचला की नाही हे कळायला सहा महिने लागतात. तोवर इंटर्नची पाळी संपून ती दुसऱ्या विभागात गेलेली असते.

“पण कोणी करतच नाई असं नाई,” ती म्हणाली. “करून पाह्यतो आमी. गर उघडा पडला का रक्त येते. ओला कापूस त्याच्यावर दाबून धरायचा. रक्त थांबलं, तं गर चांगला. वरून औषध लावून झाकून टाकायचा. नाई थांबलं, तं गर बिघडला. मंग त्याले काढल्याबिगर इलाज नाई.”

“किती वेळ दाबायचा?”

“दहा मिनिटांलोक.” एवढं सांगता सांगता तिनं तोच प्रश्न कागदावर सोडवला, बघायचीही गरज पडली नाही.

सिंधूताईंनी शंभर कागद नेऊन दिले. पण दहा मिनिटं त्यांच्या डोक्यातून जाईनात. कुठंतरी काहीतरी जुळत नव्हतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

सापडलं ते आठ दिवसांनी. एका शाळेच्या मास्तरांची दाढ चालली होती. खुर्च्या अशा मांडलेल्या, की पेशंट आणि डॉक्टर दोघांची तोंडं खिडकीकडं. सिंधूताई ट्रॉली घेऊन खिडकीपाशी, म्हणजे डॉक्टरांच्या समोर उभ्या राहायच्या. त्यांच्या नजरेसमोर दार होतं आणि दारावर घड्याळ. कुठल्यातरी जुन्या बॅचनं निरोपाच्या दिवशी भेट दिलेलं, गोल, निळ्या काठाचं. काम करणाऱ्या डॉक्टरला ते बघायचं तर पूर्ण मागं वळावं लागायचं, आणि कुणाच्या तोंडात हात असताना असं कोण वळतं? मोबाइल बाहेर कपाटात ठेवायचा नियम. मनगटावर घड्याळ चालत नाही, हातमोज्यात अडकतं.

मास्तरांच्या दाढेतून रक्त आलं. मुलानं कापूस दाबला. सिंधूताईंची नजर सहज घड्याळाकडं गेली. मुलानं कापूस उचलला, बघितलं, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला आणि मान हलवली. “रक्त थांबत नाहीये सर. आरसीटी करावी लागेल.” आरसीटी म्हणजे रूट कॅनॉल, गर काढून टाकणं. सरांनी लांबूनच बरं म्हटलं.

पुरी दोन मिनिटंही झाली नव्हती.

सिंधूताईंना आधी वाटलं, आपलंच चुकलं. मग त्या बघायला लागल्या. महिनाभरात असे पाच-सहा दात आले. कुणी दीड मिनिटात कापूस काढी, कुणी सव्वा मिनिटात. एक मुलगी अडीच मिनिटं थांबली, तर सिंधूताईंना तिचा अभिमान वाटला. अनुपमानं दोन दाढा केल्या, दोन्ही पावणेदोन मिनिटांच्या आत. प्रत्येक वेळी तेच वाक्य, रक्त थांबत नाही. आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रामाणिक वाईट वाटलेलं. ही पोरं आळशी नव्हती, लबाडही नव्हती. कागदावर दहा लिहिणारी तीच बोटं होती. मग हे असं काऊन?

हा प्रश्न घेऊन त्या घरी गेल्या. कचरू ओट्यावर वांगी निवडत बसला होता.

“डोळे मिटा,” सिंधूताई म्हणाल्या.

“कायले?”

“मिटा म्हटलं ना. हे वांगं घ्या. याच्या देठापाशी अंगठ्यानं दाबून धरा, पक्कं. ढिलं सोडायचं नाई. दहा मिनिटं झाले असं वाटलं का सांगा.”

बायकोच्या असल्या उपद्व्यापांना कचरू एव्हाना सरावला होता. त्यानं डोळे मिटले, अंगठा रोवला. सिंधूताई मोबाइलवर नजर लावून बसल्या. समोरून एक ट्रॅक्टर गेला. कचरूनं एकदा मान खाजवली. कपाळाला आठ्या पडल्या.

“झाले,” तो म्हणाला. “झाले असतीन बाराक मिनिटं. अंगठा दुखून राह्यला ना व.”

मोबाइलवर दोन मिनिटं आणि दहा सेकंद झाली होती. सिंधूताईंनी मोबाइल दाखवला तेव्हा कचरूला तो बिघडलाय असंच वाटलं, आणि त्या मात्र ओट्यावर बसून एकट्याच हसत राहिल्या. एवढं साधं होतं तर! दाबून धरणाऱ्याचा वेळच लांबतो. त्यात खुर्चीत घाबरलेला माणूस, मागं उभे सर, पुढं थांबलेले तीन पेशंट. त्या पोराला मिनिटाची दहा मिनिटं वाटली तर त्यात त्याचा काय दोष? आणि घड्याळ पाठीमागं.

आता हे जाऊन सांगायचं कुणाला? इथं सिंधूताईंचं घोडं अडलं. समता मॅडमना सांगायचं, की तुमच्या डॉक्टरांना मिनिटं मोजता येत नाहीत? कापसाचे बोळे वळणाऱ्या बाईनं? अनुपमाला सांगावं असं रोज सकाळी मनात यायचं आणि रोज संध्याकाळी राहून जायचं. आपल्याला काय कळतं, त्यांनी पाच वर्षं पुस्तकं वाचली आहेत, असं म्हणून त्या स्वतःची समजूत घालत. खरं सांगायचं तर त्या घाबरत होत्या. ती भीती त्यांना महागात पडायच्या बेतात होती.

संक्रांतीला छकुलीनं तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि किंचाळली.

छकुली म्हणजे सिंधूताईंची आठ वर्षांची नात. रोज डब्यात दोन बिस्किटं नेणारी, दात घासायच्या नावानं बोंब. तिची आई मयुरी तिला दुसऱ्याच दिवशी कॉलेजात घेऊन आली. खालची डावी, सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ. सिंधूताईंनी नातीच्या तोंडात बघितलं. दाढेत काळी खोल गुहा होती, आणि जागा नेमकी तीच होती, जिथं त्यांच्या स्वतःच्या तोंडात खिंडार होतं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या दातांची अवजारं धुतली आणि घरातल्या लेकराचं तोंड कधी उघडून बघितलं नाही, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

समता मॅडमनी स्वतः एक्स-रे फोटो बघितला. दाढेची मुळं अजून पुरती झालेली नव्हती. टोकं उघडीच होती. “सिंधूताई, नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “कीड गरापर्यंत गेलीये. गर जिवंत ठेवता आला, तर मुळं पूर्ण वाढतील आणि दाढ आयुष्यभर टिकेल. पण रक्त थांबलं नाही, तर गर काढावा लागेल. मग मुळांच्या भिंती अशाच पातळ राहतात. दाढ कधी मोडेल सांगता येत नाही.”

“हाव मॅडम,” सिंधूताई म्हणाल्या.

“अनुपमा करेल. प्रेरणाच्या चाचणीत चोवीसपैकी चोवीस फक्त तिलाच आहेत.”

पाचच मिनिटांनी अनुपमा धुवायच्या खोलीत आली आणि दार लोटून भिंतीला टेकून उभी राहिली. “मावशी, मले चोवीस भेटले ते खरं हाये,” ती म्हणाली. “पण मायाच्यानं एकही गर वाचला नाई आजलोक. दोनदा केलं, दोन्ही वेळा रक्त थांबलंच नाई. तुमी मॅडमले सांगून दुसरं कोणी घ्या. मले राग नाई येणार.”

त्याच वेळी सिंधूताईंनी सांगायला हवं होतं. ओठावर आलंही होतं. पण पोरीचा चेहरा इतका उतरलेला होता, की तुझ्या त्या दोन दाढा वाचल्या असत्या हे तिला ऐनवेळी कसं सांगायचं? हात कापायला लागला तर? “तुमीच करा,” त्या म्हणाल्या. “खरं बोलणाऱ्या डॉक्टरच्या हातून होऊ द्या.” आणि घड्याळाचं मनातच ठेवलं.

भूल दिली. छकुली आजीचा हात धरून शहाण्यासारखी पडून राहिली. तोंडावर हिरवा रबराचा पडदा आणि त्यातून डोकावणारी एकच दाढ. अनुपमानं कीड साफ केली. हात छान चालत होता, मॅडम पाठीशी उभ्या होत्या, आणि मग गर उघडा पडून रक्ताचा थेंब वर आला. अनुपमानं वरचा खराब गर अगदी थोडा काढला आणि सलाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दाबला. तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईंना चक्कर आली आणि समता मॅडम तिकडं धावल्या.

सिंधूताईंनी दारावरच्या घड्याळाकडं बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

अनुपमाच्या कपाळावर घाम आला. सेकंदकाटा एकदा फिरला. तिनं खांदा हलवला. पुन्हा निम्मा फिरला. तिनं कापसाची कड उचलली, खाली लालभडक. पुन्हा दाबला. तिचे डोळे भरून आले होते. “नाही थांबत,” ती पुटपुटली. “मावशी, मॅडमना बोलवा. आरसीटीच करावी लागते.” आणि तिनं कापूस उचलायला चिमटा पुढं केला.

“काढू नको पोरी!”

आवाज एवढा मोठा होता, की पलीकडच्या तीन खुर्च्यांवरची डोकी वळली. सिंधूताईंनी आयुष्यात कुठल्या डॉक्टरला ‘तू’ म्हटलं नव्हतं. पण आता निघालं ते निघालं.

“दोन मिनिटं बी नाई झाले आजून,” त्या म्हणाल्या.

“काय बोलता मावशी? सात-आठ तरी झाले असतील.”

“मांगं पाह्य.”

अनुपमानं मान वळवली. घड्याळात अकरा बावीसला काटा जेमतेम टेकत होता. ती ते बघत राहिली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. हुशार पोर होती ती. आपल्या आधीच्या दोन दाढा तिला त्या घड्याळात दिसल्या असणार. चिमटा तिनं हळूच ट्रेमध्ये ठेवला, ताजा ओला बोळा घेतला, दाबला आणि म्हणाली, “तुमी सांगत जा मावशी. मी नाई पाह्यत. तुमी दहा म्हटल्याबिगर मी हात काढत नाई.”

“एक,” थोड्या वेळानं सिंधूताई म्हणाल्या.

“दोन.”

दोन मिनिटं म्हणजे किती असतात, हे त्या विभागाला त्या दिवशी कळलं. छकुलीनं आजीच्या हाताला चिमटा काढला. बाजूच्या खुर्चीवरचा विद्यार्थी काम थांबवून बघायला लागला. “तीन.” “चार.”

“पेशंट खुर्चीत असताना कोण बोलतंय?” समता मॅडम परत आल्या होत्या.

एकोणीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली. काटा फिरत होता आणि त्या गप्प उभ्या होत्या.

“मावशी, किती?” अनुपमानं मान वर न करता विचारलं.

सिंधूताईंनी एकदा मॅडमकडं बघितलं, एकदा नातीकडं. आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “पाच.”

मॅडमनी अनुपमाच्या अंगठ्याकडं बघितलं. मग सिंधूताईंच्या नजरेचा माग काढत मागं वळून दारावर बघितलं. मग एक स्टूल ओढलं आणि खुर्चीजवळ बसल्या.

“सहा… सात… आठ…” आता सगळा हॉल मोजत होता, मनातल्या मनात. नवव्या मिनिटाला अनुपमानं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं.

“दहा.”

कापूस वर आला. दाढेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखा एक लाल ठिपका होता, कोरडा, स्वच्छ. रक्त नव्हतं. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. अनुपमानं पांढरं औषध ओल्या वाळूसारखं कालवलं, दाण्यावर अलगद ठेवलं आणि वरून दाढ झाकून टाकली.

हातमोजे काढताना मॅडमनी तिला विचारलं, “आधीच्या दोन्ही केसेसना किती वेळ दाबलं होतंस?”

“दहा मिनिटं,” ती सवयीनं म्हणाली. मग थांबली. “मला दहा वाटली होती मॅडम.” आणि ती सगळ्यांसमोर रडली.

मॅडम रागावल्या नाहीत. अकरा वर्षं त्या याच हॉलमध्ये शिकवत होत्या आणि ते घड्याळ त्यांनीही कधी बघितलं नव्हतं. सिंधूताईंच्या बंदीविषयी मॅडम त्या दिवशी किंवा नंतर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बंदी उठली की नाही, हे अजूनही कुणाला नक्की माहीत नाही; सिंधूताईंनी ती उठली असं धरून चालायला सुरुवात केली.

पुढच्या आठवड्यात प्रेरणानं आपल्या चाचणीचा निकाल वाचून दाखवला. किती मिनिटं दाबायचं, या प्रश्नाचं उत्तर शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी बरोबर लिहिलं होतं. सिंधूताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्र्याण्णव ऐकून त्यांना हसू आवरेना, म्हणून त्या ट्रेसकट बाहेर गेल्या. कॉलेजात भिंतीला खिळा मारायचा तर अर्ज करावा लागतो, तीन सह्या लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, कुणी यायच्या आत, त्यांनी कचरूची हातोडी पदराआडून आणली आणि घड्याळ दारावरून काढून खिडकीच्या वर, डॉक्टरांच्या नाकासमोर टांगलं. भिंतीचा थोडा पोपडा पडला, तो झाडून टाकला. अर्ज कुणी मागितला नाही.

श्रावणात सहा महिने भरले. अनुपमाची इंटर्नशिप जूनमध्येच संपली होती. ती उंद्रीला घरी राहून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वहीवर सही देणारं आता कुणी नव्हतं आणि त्या कामाला रकानाही नव्हताच. तरी त्या सकाळी ती सात वाजता एसटीत बसून आली. सिंधूताई तिच्याही आधी आल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशीच टोपणं दोनदा धुऊन, गाळलेलं पाणी भरून फ्रीजमध्ये लावली होती. इतक्या काळजीनं त्यांनी बर्फ कधीच केला नव्हता.

छकुली खुर्चीत बसली. अनुपमानं कांडी आधी शेजारच्या चांगल्या दातावर टेकवली. “ऊं!” करून छकुलीनं डोकं मागं घेतलं. सगळे हसले. मग कांडी त्या दाढेवर टेकली.

काहीच नाही.

अनुपमानं कांडी तशीच धरली. छकुली छताकडं बघत होती. सिंधूताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. वितळलेलं पाणी पोरीच्या ओठावरून हनुवटीवर उतरलं. समोरच्या घड्याळाकडं बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं. सहा महिने ज्याची वाट पाहिली ते हेच का, असं सिंधूताईंच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःचं पंधरावं वर्ष आठवलं.

“आजी,” छकुली तोंड वाकडं करून म्हणाली, “थंड लागून राह्यलं ना!”

एकोणीस वर्षं सिंधूताई हे वाक्य ऐकत आल्या होत्या. थंड लागतं, अशी तक्रार घेऊनच सगळा जिल्हा त्या दारातून आत यायचा. त्या वाक्यानं कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. “पुन्यांदा सांग माय,” त्या म्हणाल्या.

“थंड लागलं म्हटलं ना! किती वेळा सांगू?”

अनुपमानं फोटो काढला आणि जुन्या फोटोच्या शेजारी धरला. दाढेची मुळं लांब झाली होती, टोकं मिटत आली होती. ती सिंधूताईंच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. सिंधूताईंनी तिच्या पाठीवर थापटलं. मग पदरानं डोळे पुसले आणि त्यांचं लक्ष ट्रेमधल्या उरलेल्या कांडीकडं गेलं. इतक्या कांड्या केल्या, पण ती लागते कशी, हे त्यांनी स्वतः कधी बघितलंच नव्हतं.

“डॉक्टरीनबाई,” त्या म्हणाल्या, “एक काम करता? मले बी लावून पाहा.”

छकुलीला उठवून त्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या. अनुपमानं त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि खिंडाराच्या शेजारच्या, म्हाताऱ्या पिवळ्या दातावर कांडी टेकवली. सिंधूताई डोळे मिटून, श्वास रोखून, आतून काय येतंय ते ऐकत बसल्या.

“लागलं का मावशी?”

“थांब ना व,” त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. आणि मग त्यांचा सगळा चेहरा हसला. “हाव. लागलं.”